आठ आणि नऊ तारखेचे पाणी

मार्च महिन्याच्या आठ आणि नऊ तारखेला आमच्या वसाहतीचा पंप चालला नाही. दहा तारखेला चालला. एप्रिलच्या आठ आणि नऊ तारखेलाही तो सकाळी चालला नाही. दहा तारखेला पुन्हा चालला. उरलेल्या सर्व दिवशी त्याच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती.

शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. मुकुंदवाडीच्या स्थानकावरून आमच्याकडे येताना वाटेत कापसाचे एक शेत लागे आणि रिक्षावाले शेताच्या अलीकडेच थांबून "आगे रास्ता खराब है, साब" असे सांगत. आता त्या शेतात सहा मजली इमारत उभी आहे. रिक्षावाले मात्र तेच वाक्य म्हणतात. वसाहतीत तीन गल्ल्या होत्या. नळाची मुख्य वाहिनी आमच्यापर्यंत यायची होती. ती मंजूर होती, आणि मंजूर असणे हीच तिची कायमची अवस्था होती. तोपर्यंत सर्वांची भिस्त एका बोअरवर होती. त्याचे पाणी आळीपाळीने तीन गल्ल्यांना सोडण्याचे काम मुंजाबा करीत. मुंजाबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती, आणि गल्ल्यांकडेही ते त्याच नजरेने पाहत: कोणाला आधी पाजायचे आणि कोणाला थोडे थांबवायचे हे ते ओरडून ठरवीत.

एका उन्हाळ्यात मुंजाबा बजाजनगरला मुलाकडे राहायला गेले आणि तेथे नातवात रमले. वसाहत कोरडी पडली. तातडीच्या सभेत मी, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा मनुष्य या नात्याने, असे म्हणालो की माणूस आजारी पडतो, रमतो, विसरतो. यंत्र यांपैकी काहीही करीत नाही. हे वाक्य पुढे मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवले की ते माझे आहे याविषयी माझ्याच मनात शंका येऊ लागली.

महाविद्यालयाने मोडीत काढलेला एक संगणक मी मागून आणला. त्यावर लिनक्स ही प्रणाली बसवली, विजेच्या झडपा जोडल्या आणि पंपाचा प्रोग्राम स्वतः लिहिला. तत्त्व साधे होते. तारखेला तीनने भागावे. बाकी एक उरली तर पहिली गल्ली, दोन उरली तर दुसरी, काहीच न उरल्यास तिसरी. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख आली की पहिल्या गल्लीला लागोपाठ दोन दिवस पाणी मिळे. सोसायटीचे अध्यक्ष कारभारी पहिल्याच गल्लीत राहत. त्यांनी हा अन्याय निसर्गनियम म्हणून स्वीकारला. तारीख वैध नसेल तर पंप बंद ठेवावा अशी दक्षताही मी घेतली होती. अभियांत्रिकीत तिला सुरक्षित बाजू म्हणतात.

या व्यवस्थेत एकच उणीव होती. संगणकातील घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी मेलेली होती, आणि ती आतल्या पाटीला डाख देऊन कायमची जोडलेली होती. वीज गेली की यंत्र आपण कोणत्या शतकात आहोत हे विसरे. वीज रोज जात असे. म्हणून रोज सकाळी कोणीतरी पंपखोलीत जाऊन यंत्राला आजची तारीख सांगणे आवश्यक होते. हे काम सोसायटीचे सचिव तात्यासाहेबांनी आपल्याकडे घेतले.

तात्यासाहेब सरकारी कोषागारातून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील निजामाच्या खजिन्यात होते. पोलीस ॲक्शननंतर खजिना बदलला, पण वडिलांची खुर्ची तीच राहिली आणि पुढे मुलगा त्याच खात्यात आला. तात्यासाहेबांना मूलबाळ नव्हते. रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते पंपखोलीत जात, चपला बाहेर काढीत आणि तारीख घालीत. देवपूजेला जाणारा मनुष्यही इतका गंभीर दिसत नाही. वर्षभर हे सुरळीत चालले. मुंजाबा परत आले, पंपखोलीच्या दारात बसून यंत्राकडे संशयाने पाहू लागले आणि आपल्या झडपांची जुनी चाके कुठे गेली असे विचारू लागले. ती चाके कारभाऱ्यांनी भंगारवाल्याला दिली होती.

आणि मग मार्च आला.

आठ तारखेला दुसरी गल्ली कोरडी राहिली, म्हणजे मीही. माझी पत्नी आशा हिने रिकामी घागर माझ्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या शेजारी आणून ठेवली आणि काहीही न बोलता निघून गेली. ही तिची पद्धत होती. मी वादापेक्षा पुराव्याला अधिक मान देतो हे तिला ठाऊक होते. नऊ तारखेला तिसरी गल्ली कोरडी राहिली. मी रिले पाहिला, तारा पाहिल्या, स्टार्टर पाहिला. सर्व ठीक होते. म्हणून दोष बाहेरच्या विजेत असावा असा तर्क करून मी वीज कार्यालयात गेलो. आठ तारखेला दुसरा शनिवार होता आणि नऊला रविवार, त्यामुळे जाणे दहा तारखेला झाले.

"पंप आता चालू आहे का?" लिपिकाने विचारले.

"आहे."

"मग तक्रार कशाची, सर?"

"आठ आणि नऊ तारखेला बंद होता."

"मग त्याच दिवशी यायचं ना."

"त्या दोन्ही दिवशी आपलं कार्यालय बंद होतं."

"बघा," तो समाधानाने म्हणाला, "म्हंजी दोन्हीकडं बंदच व्हतं. मग फरक कुठंय?"

एकदा घडलेली घटना योगायोग असू शकते, म्हणून मी घरी परतलो. एप्रिलमध्ये ती दुसऱ्यांदा घडली. आठ तारखेला सायंकाळी महाविद्यालयातून परतलो तेव्हा घागर टेबलावर होती. मी तसाच पंपखोलीत गेलो, तारीख नव्याने घातली, आणि पंप धडधडत सुरू झाला. नऊ तारखेला सकाळी तात्यासाहेबांनी तारीख घातली. पंप हलला नाही. मला बोलावणे आले. मी तारीख घातली. पंप सुरू झाला. खोलीबाहेर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी हे डोळ्यांनी पाहिले. लोकांनी एखादा प्रयोग पाहिला की निष्कर्ष काढण्यासाठी ते वैज्ञानिकाची वाट पाहत नाहीत.

मला मिळालेल्या सल्ल्यांची नोंद येथे केली पाहिजे, कारण त्या काळातील वसाहतींचे वैभव त्यातच होते. आज माझ्या इमारतीत पाणी आले नाही तर लोक फोनवर एक रडका चेहरा पाठवतात आणि दारे बंद ठेवतात. तेव्हा लोक स्वतः येत, चहा घेत आणि मग सांगत. कारभाऱ्यांनी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी घालायला सांगितले. पाणी कोठून आणावे हे सांगितले नाही. मुंजाबा म्हणाले, "सर, मेंढराचा बी येक दिवस आसतोय. त्या दिशी कितीबी हाकला, पान्यावर जात नाय. ह्याला मारू नगा. दोन दिस ऱ्हाऊ द्या."

तिसऱ्या गल्लीतल्या सारजाबाईंचे म्हणणे सर्वांत सविस्तर होते.

"बोअर मारला तिथं आधी पायऱ्यांची बारव व्हती, सर. ती बुजवली. तिच्यातल्या आसरांचे दगड कुणी काढले? कुणी नाय. मंग त्या कुठं जातील? पान्यासंगंच ऱ्हानार."

"पण सारजाबाई, पंप इंग्रजी आठ तारखेला बंद पडतो. तुमच्या या पाण्यातल्या देवता, आसरा, पंचांगाची तिथी पाळतील की इंग्रजी तारीख?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "आता सगळंच विंग्रजी तारखंनं व्हतंय की, सर. तुमचा पगार कुठल्या तिथीला व्हतो?"

माझा पगार एक तारखेला होत असे.

सारजाबाईंचे नाव येथे केवळ आसरांमुळे आलेले नाही. त्यांची मुलगी कौसल्या हिचे लग्न मे महिन्याच्या नऊ तारखेला, वसाहतीच्या मोकळ्या मैदानात ठरले होते. नऊ तारीख म्हणजे तिसऱ्या गल्लीची पाळी. ही गोष्ट शुभ मानली गेली होती. कौसल्येला सख्खा मामा नव्हता. मुलीला मंडपात आणणे आणि अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभे राहणे हे मामाचे काम. ते तात्यासाहेबांनी करावे, असे ती शाळेत असल्यापासून ठरले होते. तिला पाढे त्यांनीच शिकवले होते. त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून भगवा फेटा आणून ठेवला होता, आणि तो नीट बांधता यावा म्हणून दुपारी आरशासमोर सराव करीत असत. हे आशाने खिडकीतून पाहिले होते आणि केवळ मलाच सांगितले होते.

नऊ एप्रिलनंतर वसाहतीत एक वाक्य फिरू लागले. ते मोठ्याने कोणी म्हणत नसे. तात्यासाहेबांचा हात बरा नाही, असे ते वाक्य होते.

मी प्रतिवाद केला. तोच हात महिन्यातील उरलेल्या सर्व दिवशी पंप चालवतो, हे मी दाखवून दिले. सारजाबाई म्हणाल्या, "हात चांगलाय, सर. आमी कुठं नाय म्हनतो? त्या दोन दिसांचा तेवढा वंगाळ." आणि लग्न त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी होते. मग नवऱ्या मुलाकडच्या कोणीतरी विचारले की मामा म्हणून दुसरे कोणी उभे राहिले तर चालणार नाही का. सारजाबाईंनी लगेच हो म्हटले नाही, पण नाही असेही म्हटले नाही. त्या तात्यासाहेबांच्या घरावरून जाताना पदर सावरून झपाझप चालू लागल्या.

एके सकाळी तात्यासाहेब माझ्या दारात आले, पंपखोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सर, आजपासून इंतजाम तुमच्याकडे. माझं आता वय झालं." पांढरा सदरा होता, पण इस्त्रीचा नव्हता.

अशा रीतीने पदार्थविज्ञानाचा अधिव्याख्याता पंपचालक झाला. तारीख घालण्यासाठी मला पहाटे उठावे लागे. 'शुभ हाताचे सर' म्हणून दोन बायकांनी आपल्या शिवणयंत्राला आणि एकीने गर्भार म्हशीला हात लावण्यासाठी मला बोलावले. आयुष्यभर मी वर्गात ज्या गोष्टीविरुद्ध बोललो ती गोष्ट मीच झालो होतो. म्हैस सुखरूप व्याली, त्यामुळे माझी परिस्थिती आणखी बिघडली.

मी शोध सोडला नव्हता. या यंत्राला कोणतीही तारीख सांगता येत होती. आठ किंवा नऊ तारीख येण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. मी महिन्याच्या मध्यावर, अखेरीस, केव्हाही आठ तारीख घालून पाहिली. पंप चालला. नऊ घातली. चालला. जो दोष निरीक्षकासमोर कधीच येत नाही त्याचा अभ्यास कसा करावा, हा विज्ञानातील जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्यांच्यासमोर तो येतो त्यांना बोलावावे, हेच होते. परंतु तात्यासाहेब यायला तयार नव्हते. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला, उन्हाळ्याविषयी बोलले आणि मला फाटकापर्यंत पोहोचवले.

अखेर त्यांना कौसल्येने आणले. मे महिन्याची आठ तारीख, हळदीचा दिवस. पिवळ्या साडीत, हातात हिरवा चुडा घातलेली ती मुलगी भर सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"मामा, पंपावर चला."

"कौसल्ये, आज तू घराबाहेर पडायचं नसतं."

"मग लवकर चला, म्हंजी मी लवकर घरात जाईन. तुमी नाय आलात तर मी उद्या मंडपात यायची नाय. नवरदेवाला म्हनावं बस अंतरपाट घेऊन."

तात्यासाहेब उठले. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले. पंपखोलीबाहेर चपला काढल्या. तोपर्यंत दारात सारजाबाई, कारभारी, मुंजाबा आणि हंडे घेतलेली निम्मी दुसरी गल्ली जमली होती. मी सर्वांना सांगितले की हा प्रयोग आहे, कोणीही बोलू नये. मुंजाबा म्हणाले, "व्हय, कुनी बोलू नका," आणि बराच वेळ तेच बोलत राहिले.

तात्यासाहेबांनी महिना घातला. मग तारीख घातली. पंप शांत राहिला. बाहेर एक हंडा खाली ठेवल्याचा आवाज झाला. सारजाबाईंनी डोळे मिटले.

मी खुर्चीवर बसलो आणि तारीख घातली. पंप धडधडू लागला.

"बघा," कोणीतरी कुजबुजले.

मी मात्र ऐकत होतो. तात्यासाहेबांनी तारीख घालताना कळ दोनदा वाजली होती. माझी एकदाच वाजली.

"तात्यासाहेब, पुन्हा एकदा घाला. हळू."

त्यांनी घातली. मी पाहिले. आधी शून्य, मग आठ.

"हे शून्य कशासाठी?"

त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच राग दिसला. "कशासाठी म्हणजे? सर, खजिन्याचा दस्तूर आहे तो. एकेरी आकडा उघडा टाकायचा नसतो. उघड्या आठाच्या आधी कुणीही एक ठेवला की अठरा होतात. माझ्या वडिलांनी शून्य घातलं, मी जन्मभर घातलं. पहिल्या दिवसापासून या मशीनलाही तसंच सांगतोय. आता तुम्ही म्हणाल, शून्यही बरं नाही."

"म्हंजी शून्यामुळं झालं!" कारभारी आनंदाने म्हणाले. "मिटलं. तात्या, शून्य टाकू नका. चला, हळद उरका."

मिटलेले नव्हते. अर्ध्या कारणाला मी कारण मानत नाही. दोष शून्यात असता तर पंप पहिल्याच महिन्यात बंद पडायला हवा होता. तो वर्षभर चालला होता. शिवाय दोष शून्यात आहे असे म्हटले तर तो पुन्हा तात्यासाहेबांच्या हातातच जाऊन बसत होता, आणि उद्या नऊ तारीख होती. मी सर्वांना थांबायला सांगितले. कारभाऱ्यांनी घड्याळ पाहिले आणि ते बंद असल्याचे लक्षात येऊन मनगट खाली घेतले.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पंपाचा प्रोग्राम माझा असला, तरी लिहिलेला आकडा वाचून त्याचे मूल्य काढणे यासारखी किरकोळ कामे तो स्वतः करीत नसे. ती माझा जुना विद्यार्थी रामकिसन याने लिहून एका शेअर्ड लायब्ररीत ठेवली होती. बिडकीनला आमच्या चुलत भावांची सामायिक विहीर आहे. ही व्यवस्था तशीच. प्रत्येक प्रोग्रामने स्वतःची विहीर खणू नये, सर्वांनी एकीवरच भरावे. लाभ उघड आहे. धोकाही उघड आहे, पण तो भांडण झाल्यावरच दिसतो.

मी त्या लायब्ररीच्या फाइलची तारीख पाहिली. मी बसवली ती लायब्ररी वर्षापूर्वीची होती. समोर दिसत होती ती फेब्रुवारीच्या मध्यातली.

"फेब्रुवारीत या संगणकाला कोणी हात लावला होता?" मी विचारले.

मुंजाबांनी काठीचे टोक हळूच कारभाऱ्यांच्या दिशेने वळवले.

"सांगतो," कारभारी म्हणाले. "पण तुम्ही हसायचं नाही, सर."

"मी हसत नाही."

"तेच तर. तुम्ही हसत नाही, नुसतं बघता. ते लई लागतं." त्यांनी घाम पुसला. "रामकिसनकडं पत्रिका जुळवायचा प्रोग्राम होता. कौसल्याची आन् पोराची पत्रिका बघायची होती. सारजाबाई माझ्याकडं आल्या. म्हटलं, घरचा कॉम्प्युटर पडून असतो दिवसभर. रामकिसननं एका दुपारी येऊन त्यात तो प्रोग्राम टाकला. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. मुहूर्तबी त्यानंच काढून दिला."

"कोणता मुहूर्त?"

"उद्याचा. नऊ मे."

आशा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही हे मी तपासले नाही.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी रामकिसनला फोन लावला. "सर, ती लायब्ररी मी सुधारली ना," तो उत्साहाने म्हणाला. "पत्रिकेच्या प्रोग्रामला लागत होती, म्हणून जुनीच्या जागी नवी टाकली. आता ती जास्त हुशार आहे. आकडा कोणत्या पद्धतीनं लिहिलाय ते तिचं तीच ओळखते."

फोन ठेवता ठेवता मला उलगडा झाला. सी नावाच्या ज्या भाषेत असली कामे लिहितात, तिच्यात एक जुनी रीत आहे: आकड्याच्या आरंभी शून्य असेल तर तो दहाच्या नव्हे, आठाच्या मोजणीतला समजायचा. त्या मोजणीत अंक शून्यापासून सातापर्यंतच असतात. सातानंतर एकदम दहा. आठ आणि नऊ हे अंक तेथे अस्तित्वातच नाहीत. जुनी लायब्ररी साधी होती. तिला दहाचीच मोजणी येत होती, आणि म्हणून तात्यासाहेबांचे शून्य तिने वर्षभर निमूटपणे सोसले होते. नवी हुशार होती. एका क्षणी माझ्या असेही ध्यानात आले की हे असेच राहिले असते, तर महिन्याच्या आकड्यामुळे संपूर्ण ऑगस्ट आणि संपूर्ण सप्टेंबर वसाहत कोरडी राहिली असती. आसरांचे त्यासाठी किती दगड बसवावे लागले असते याचा हिशेब मी केला नाही.

जुनी लायब्ररी मजजवळ फ्लॉपीवर होती. फ्लॉपी घरी होती. घरात ती आशाने, चौकोनी आणि सपाट वस्तू या निकषावर, चकल्यांच्या डब्याखाली आधार म्हणून ठेवली होती. ती तेलकट झाली होती, पण वाचता आली. मी जुनी लायब्ररी पंपाच्या प्रोग्रामजवळ वेगळ्या जागी ठेवली आणि त्याने आधी तेथेच पाहावे, अशी व्यवस्था केली. हे मी लोकांना समजावून सांगत असताना मुंजाबा म्हणाले, "म्हंजी हीर येकच, पर आता येकाचा पोहरा येगळा." तांत्रिकदृष्ट्या हे चूक आहे. मी दुरुस्ती करायला सुरुवात केली, पण सारजाबाईंना ते पटलेले दिसले, म्हणून थांबलो.

पत्रिकेचा प्रोग्राम मात्र काढता आला नाही. कारभाऱ्यांच्या मुलासाठी स्थळे पाहणे सुरू होते. माझ्या हाताने उभारलेल्या यंत्रात तो पुढे अनेक वर्षे पंपाच्या शेजारी सुखाने नांदला आणि वसाहतीत त्याच्याकडे माझ्यापेक्षा अधिक लोक येत असत.

नऊ तारखेला सकाळी मी पंपखोलीची किल्ली तात्यासाहेबांकडे नेऊन दिली. ते भगवा फेटा बांधून तयार होते; फेटा जरा डावीकडे कलला होता, पण सरावाने जेवढा सरळ होऊ शकतो तेवढा होता. मैदानात मंडप होता, आचाऱ्यांच्या चुली पेटल्या होत्या आणि मोठमोठी पातेली रिकामी उभी होती. तिसऱ्या गल्लीतल्या बायका पंपखोलीपर्यंत आल्या. तात्यासाहेबांनी चपला काढल्या, खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे पाहिले.

"शून्य घालू का, सर?"

"तुमच्या दस्तुराप्रमाणे घाला."

कळ दोनदा वाजली. पंप धडधडला. तिसऱ्या गल्लीच्या नळांतून आधी हवा फुसफुसली आणि मग पाणी आले. सारजाबाई पुढे झाल्या, तात्यासाहेबांच्या पायांशी वाकल्या आणि म्हणाल्या, "दादा, चला. पोरगी बोहल्यावर चढायची खोळंबलीय." त्या त्यांना दादा म्हणाल्याचे मी तोपर्यंत ऐकले नव्हते. दुपारी अंतरपाटामागे कौसल्येच्या पाठीशी ते उभे राहिले तेव्हा फेटा आणखी डावीकडे कलला होता, आणि मंगलाष्टके संपेपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही.

नळाची वाहिनी पुढे आली. पंपखोली पाडली. मुंजाबा गेले, तात्यासाहेब गेले. कौसल्या पुण्याला असते आणि तिच्या मुलाला गणित आवडते असे कळते. तो संगणक कोणत्या भंगारात गेला हे मला ठाऊक नाही. पण त्या दोन महिन्यांत वसाहतीत जे बोलले गेले ते अजूनही कोणीकोणी आठवणीने सांगतात, आणि सांगताना आसरांचा उल्लेख करतात. म्हणून नोंद स्पष्ट असावी.

कारण असे होते. फेब्रुवारीत पत्रिकेच्या प्रोग्रामबरोबर आलेल्या नव्या शेअर्ड लायब्ररीने पंपाच्या प्रोग्रामला लागणाऱ्या जुन्या लायब्ररीची जागा घेतली. आरंभी शून्य असलेला आकडा नवी लायब्ररी आठाच्या मोजणीत वाचू लागली. एक ते सात हे आकडे दोन्ही मोजणींत सारखेच असतात आणि दहापासून पुढे आरंभीचे शून्य लागत नाही, म्हणून त्या सर्व दिवशी पंप चालला. शून्य-आठ आणि शून्य-नऊ वाचताना लायब्ररी शून्यावर थांबली, कारण पुढचा अंक तिच्या मोजणीत नव्हता. शून्य ही तारीख वैध नाही, म्हणून पंप बंद राहिला. शून्य पहिल्या दिवसापासून तेथेच होते आणि योग्य होते. तात्यासाहेबांच्या हाताचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता.